दही वाढल्याचा पुरावा

डोंगरापलीकडे, जिथे गाडीवाट संपते, तिथल्या एका गावात एक कशिदेवाली राहत होती. तिने शेल्यावर काढलेल्या मोराला एकदा शेजारच्या पोरीने दाणे टाकले होते, असं गाव कौतुकाने सांगायचं. पुढे तिचं वय झालं, डोळे मंदावले. सुईत दोरा ओवता येईना, बोटांची मात्र चाळण झाली.

दूरच्या शहरात एक भिंगवाला होता. त्याच्या भिंगातून म्हणे मुंगीचे पायही मोजता येत. कशिदेवालीने उरल्यासुरल्या नजरेने एक शेला भरला, आयुष्यातला सगळ्यात देखणा, आणि तो भिंगवाल्याला धाडून बदल्यात भिंग मागितलं. भिंगवाला सच्चा माणूस. त्याने तिच्यासाठी भिंग घासलं, गवतात गुंडाळलं आणि खोक्यात बंद करून रवाना केलं.

माल आणायचं काम गाड्यावाल्या शेठचं. त्याच्या पेढीवर भली मोठी पाटी होती, 'वाटेत फुटलं, तुटलं, भिजलं, तर तसंच नवं आणून देऊ.' या हमीसाठी शेठ भाड्यावर जादा पैसे घ्यायचा. ते घेताना त्याचा हात कधी आखडला नाही. कशिदेवालीने तेही भरले होते.

भर दुपारी गाडी दारात आली. गाडीवान धुळीने माखलेला, ओठ सुकलेले. त्या गावची रीत अशी, की दारी आलेल्याला आधी पाणी, मग जेवण आणि मग कामाचं बोलणं. कशिदेवालीने खोकं कोपऱ्यात ठेवलं आणि पान मांडलं. भाकरी, पिठलं, ठेचा आणि वर घट्ट दही.

"लाजू नको रे बाबा, पोटभर जेव. उन्हातान्हाचा आलास," ती म्हणाली.

गाडीवान मान खाली घालून जेवला. उठताना म्हणाला, "येतो माय, उजेड आहे तोवर घाट उतरायचाय." आणि गेला.

मग तिने खोकं उघडलं. गवतात भिंगाचे तुकडे होते आणि काचेचा चुरा. ती वेशीपर्यंत धावली, पण गाडी केव्हाच दिसेनाशी झाली होती.

दुसऱ्या दिवशी ती खोकं जसंच्या तसं घेऊन पेढीवर गेली. मुनिमाने तुकडे पाहिले, तिला बसायलाही सांगितलं. मग विचारलं, "बाई, आमचा गाडीवान तुमच्याकडे जेवला ना?"

"जेवला की."

"काय वाढलंत?"

तिने सगळं सांगितलं, दह्यासकट. बिचारीला वाटलं, हा आभार मानणार.

"मग भरपाई कसली मागता?" मुनीम म्हणाला. "माल फोडणाऱ्याला कुणी दही वाढतं का? म्हणजे माल धड होता. नंतर तुमच्याच हातून फुटला."

"अहो, मी खोकं उघडलंच नव्हतं तेव्हा!"

"का नाही उघडलं?"

"दमून आलेल्या माणसासमोर खोकं उघडून तपासत बसू? तो काय चोर आहे?"

"बघा," मुनीम हसला, "तुमचाच त्याच्यावर विश्वास होता. आता तक्रार कशाला?"

ती हटली नाही. पेढीच्या पायरीवर बसून राहिली, तेव्हा कुठे शेठ बाहेर आला. त्याने गाडीवानाला बोलावलं.

"काय रे, वाटेत काही झालं होतं?"

कशिदेवाली गाडीवानाला म्हणाली, "बाबा, माझ्या हातचं जेवलास. खरं काय ते सांग. माझे डोळेच त्या खोक्यात होते रे."

गाडीवानाने तिच्याकडे पाहिलं, मग शेठकडे पाहिलं. "मला काही माहीत नाही," तो म्हणाला.

झालं. शेठने हात वर केले. पाटी मात्र भिंतीवर तशीच राहिली.

ही गोष्ट गावात कळली. कुणी सभा घेतली नाही की दवंडी पिटली नाही. पण पुढची गाडी आली, तेव्हा लोकांनी गाडीवानाला उन्हात उभं केलं, खोकं त्याच्यादेखत उघडलं, कानाकोपरा तपासला. पाण्याचं कुणी विचारलं नाही. पाणी दिलं आणि उद्या तेच अंगाशी आलं तर? हळूहळू वाटेवरची सगळीच गावं असं वागू लागली. शेठ आपला पेढीच्या गारव्यात वाळ्याचं पाणी पीत होता. त्याचं काय गेलं?

ऐन वैशाखात कशिदेवालीच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलं. तिला आता माणूस नुसता सावलीसारखा दिसे.

"माय, घोटभर पाणी दे. कुणी दारात उभं करत नाही."

आवाज तिने ओळखला. सवयीने उचललेला तांब्या तिच्या हातातच राहिला.

"माय, मी खोटं बोललो," गाडीवान रडवेला झाला. "घाटात गाडी कलंडली होती. खोकं दगडावर आपटलं, मी डोळ्यांनी पाहिलं."

"मग चल पेढीवर. शेठसमोर हेच सांग."

गाडीवान म्हणाला, "शेठ कामावरून काढील, माय."

ती आत गेली. पाण्याची बादली भरून आणली आणि चाचपडत जाऊन बैलांपुढे ठेवली.

"यांना पाजते. पेढीवर हे खोटं बोलले नाहीत."

मग तिने दार लावून घेतलं. तिच्या दारातून माणूस तहानलेला जाण्याची ही पहिलीच वेळ होती. तिला वाटलं होतं, मनाला गार वाटेल. पण दाराला पाठ टेकून ती कितीतरी वेळ रडत बसली.

तात्पर्य: माणसाचा चांगुलपणा जो त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून वापरतो, तो वाटेवरच्या प्रत्येक तहानलेल्याच्या तोंडचं पाणी काढून घेतो.