दर्यामामाची उसनी वाळू

सांगा मंडळी, विश्वास कुणावर ठेवावा? कडू पण खरं सांगणाऱ्यावर, की गोड बोलून वेळ मारून नेणाऱ्यावर?

फार मागं वाळणखोल नावाचा एक कोळीवाडा होता. वाड्यापुढे एक उंच माड, आणि त्याच्या पायाशी वाळू धरून बसलेली मर्यादवेल. दर्या दर पावसाळ्यात किनाऱ्याची वाळू उसनी न्यायचा आणि दिवाळीनंतर परत आणून टाकायचा. ती आली की नाही हे बघायचं काम माडाचं, कारण उंचावरून सगळा किनारा त्यालाच दिसे.

एका वर्षी वाळू कमी आली. वेल म्हणाली, "दादा, दर्यामामांना विचार ना, बाकीची कुठंय?"

"गप गं! नारळी पुनवेला माझाच नारळ त्यांना वाहतात. सोयऱ्याकडे मूठभर वाळू मागू?"

तेवढ्यात खालून म्हातारी धाकलीबाय ओरडली, "माडा, आली का रे सगळी?"

"आली, आली!" माड डोलला. म्हातारी निर्धास्त होऊन चूल सारवायला बसली.

दर वर्षी हेच चाललं. शेवटी वेलीची मुळं उघडी पडली. वाहून जाताना ती म्हणाली, "निदान धाकलीबायला तरी खरं सांग." माड त्याही वर्षी डोललाच.

पुढच्या उधाणात चूल गेली, घरं गेली. वाडा बोचकी बांधून डोंगराकडे निघाला. धाकलीबायनं माडाच्या खोडावरून हात फिरवला. "वाळू आली की हाक मार हं, बाबा. तुझ्यावरच भरवसा."

माड आता पाण्यात एकटाच उभा आहे.

म्हणून सांगतो, समोर सोयरा असला तरी गेलं किती, आलं किती, ते खरं सांगा. तुमच्या शब्दावर कुणीतरी चूल मांडलेली असते. तेवढा हिशेब चोख ठेवा.