तुळाजीबाबा आणि गप्प राहिलेलं गाव

किती वर्षं झाली ते आता कुणालाच सांगता येत नाही, पण कोळओढा गावात तेव्हा पाण्याचं सगळं सभेत ठरायचं. नदीवर दगडी बंधारा होता, बंधाऱ्यातून पाट निघायचा, आणि पाटाचं पाणी आधी कुणाच्या शेतात सोडायचं ते ठरवायला अख्खं गाव पिंपळाखाली बसायचं. बसायचं म्हणजे भांडायचं. एका साली सभा इतकी लांबली, की निकाल लागेपर्यंत उभी पिकं करपून गेली. मग गाव वैतागलं आणि म्हणालं, "आता बोलनं पुरं. तुळाजी सांगंल तसं."

तुळाजी हा गावचा पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा माणूस. असं म्हणतात, की तो जमिनीला कान लावायचा आणि डोंगरांपलीकडच्या पावसाचं पाणी त्याला ऐकू यायचं. तो म्हणाला पूर येणार, की पूर यायचा. असं म्हणतात, की पाणीसुद्धा त्याला विचारून वळायचं. कुणाचं शेत तहानलेलं राहिलं नाही. गाव सुखावलं आणि सभा विसरलं. पुढे पुढे तर लोक लग्नाचा मुहूर्त आणि बैलाचा सौदाही त्यालाच विचारायला लागले. त्यालाही ते आवडायचं. कुणाला आवडणार नाही?

मग तुळाजी म्हातारा झाला आणि त्याचे कान गेले. हे सगळ्या गावाला कळलं, फक्त त्याला कुणी सांगितलं नाही. लोक त्याच्याशी ओरडून बोलायचे, घरी येऊन हळहळायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यालाच विचारायला जायचे. मला तर या गोष्टीत पुढे आलेल्या पुराहून याचंच जास्त वाईट वाटतं.

एका श्रावणात पाटाचं तोंड गाळानं बुजलं. नदीत उतरून गाळ काढायचा होता, आणि डोंगरावर ढग दाटले होते. तुळाजीनं जमिनीला कान लावला. "नदी निजलीया. उतरा खुशाल," तो म्हणाला. गडी उतरले. सगळ्यांत पुढे फावडं घेऊन त्याचा एकुलता एक मुलगा होता, कोंडाजी.

थोड्या वेळानं डोंगराकडून घरघर ऐकू आली, मग गडगडाट. अजून पळून वर यायला वेळ होता. पण काठावरच्या सगळ्यांनी आधी तुळाजीकडे पाहिलं. तो शांत उभा होता. नदीतून कोंडाजीनंही मान वर करून बापाकडे पाहिलं. बापानं हातानं खूण केली, चालू दे. कोंडाजी पुन्हा वाकला आणि गाळ उपसायला लागला.

असं म्हणतात, की पाणी पिंपळाच्या शेंड्याला टेकलं. बाकीचे गडी कसेबसे काठाला लागले. कोंडाजी लागला नाही.

"तुमाला ऐकू आलं व्हतं?" तुळाजीनं विचारलं. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. "मंग कुनी बोललं का न्हाई?"

शेवटी कोंडाजीची बायको भागा पुढे झाली. सासऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली, "मामंजी, तुमच्या शब्दाम्होरं कसं बोलावं?"

म्हातारा कपाळ बडवून रडला. मग उठला आणि नदीच्या उगमाकडे चालू लागला. जाताना एवढंच म्हणाला, "माझं नाव घ्याल तवा मी चुकलो म्हना. त्वांडावर म्हना." तो पुन्हा कुणाला दिसला नाही. असं म्हणतात, की तो जिथं जिथं थांबून रडला तिथं तिथं झरा लागला, आणि ते झरे भर उन्हाळ्यातही आटत नाहीत.

कोळओढ्यात आता पुन्हा सभा भरते. भांडणं होतात, कधी उशीर होतो, एखाद्या साली पीकही वाळतं. पिंपळाखाली तुळाजीबाबाच्या नावाचा दगड आहे. त्याला कुणी नारळ फोडत नाही, कुणी नवस बोलत नाही. सभेला बसण्याआधी प्रत्येक जण त्या दगडासमोर उभा राहतो आणि म्हणतो, "बाबा, तुमी चुकलात." गावात नव्यानं आलेली सून पहिल्यांदा हे म्हणताना अडखळते. तेव्हा सगळं गाव उभं राहून वाट पाहतं, आणि तिचं म्हणून झाल्याशिवाय कुणी खाली बसत नाही.