राही भोईणीनं पळवलेली लेकरं

आज जिथं वाळू दिसते तिथं पाणी होतं आणि आज पाणी आहे तिथं घरं होती, इतक्या वर्षांपूर्वी गोदेच्या काठी राही नावाची भोईण राहायची. संक्रांत सरली की सगळे भोई पात्रातल्या बेटावर टरबुजांच्या वाड्या करायचे. लेकराबाळांसकट तिथंच झोपड्या घालायचे आणि मृगाच्या आधी वर यायचे. पण त्या काळात आभाळाचं तंत्र बिघडलं. पाऊस आपले महिने विसरला. नदीनं दोन वर्षांत तीनदा कूस बदलली.

राहीची लेक दोन महिन्यांची, आणि राहीचा जीव काही थाऱ्यावर नसायचा. दिवसातून दहादा ती पाण्यात पाय घालून बघायची, झोळी इथून सोडून तिथं बांधायची. बाया हसायच्या, "अगं राहे, पोरीला आता ढगालाच टांग!"

एका दुपारी पाणी एकाएकी गार लागलं. वर तर ऊन रखरखत होतं. राही पळत येसू आज्याकडं गेली. वाडीत त्याचाच शब्द चालायचा.

"आजा, सगळ्यांना उठवा. पाणी येतंय."

"टिटवीनं वाळूत अंडी घातलीत. तिला कळंना आन् तुला कळलं व्हय? परवा टरबुजं तोडायचीत. गप बस."

राहीनं परत विचारलं नाही. असं म्हणतात, तिनं झोपडीझोपडीतल्या झोळ्या सोडल्या, आपल्या लेकीसकट अकरा लेकरं होडीत घातली आणि गुडघाभर पाण्यातून होडी ओढत काठाकडं, थडीकडं निघाली.

"लेकरं पळवली गं सटवीनं!" बाया शिव्या घालत मागं धावल्या. बायांच्या मागं बाप्ये धावले. आणि असं म्हणतात, तेवढा वेळ नदी वरच्या वळणावर भिंतीसारखी उभी राहिली. शेवटची बाई धापा टाकत थडीवर चढली, तेव्हा ती भिंत सुटली.

बेटावर येसू आजा एकटाच टरबुजं राखत बसला होता. आयांनी आपापली लेकरं होडीतून उचलली; राहीनं आपली लेक एकीच्या ओटीत टाकली आणि होडी वळवली. होडी आज्याला घेऊन परत आली. वल्हवायला मात्र तिच्यात कुणीच नव्हतं, असं म्हणतात.

त्या लेकीला दहा आयांनी दूध पाजलं.

वाड्या आजही होतात. पण पात्रातून कधी उठायचं ते म्हातारे ठरवत नाहीत. जिचं लेकरू सगळ्यांत लहान, तिच्या बोलण्यावर वाडी उठते. राहीचा हुकूम म्हणतात त्याला. गेल्या साली एका पोरसवदा आईनं चैत्रातच झोळी सोडली. कुणी कारण विचारलं नाही. पिकली टरबुजं वाळूत टाकून सगळे तिच्यामागं थडी चढले. त्या साली मृगापर्यंत नदी आलीच नाही. पण कुणी तिला एका शब्दानंही बोललं नाही.