बाभळीआडचा पारखी

गडांच्या तटावर तोफा चढण्याच्याही आधीची, फार जुनी गोष्ट. तेव्हा शत्रू आला की तटावरून गोफणी फिरत. दगड सणसणत सुटायचे आणि खाली चढाई करणाऱ्यांची दाणादाण उडायची. म्हणून एका राजाने गोफणीला चांगले हात शोधण्यासाठी एक पारखी ठेवला होता.

हा पारखी आपल्या कामात वाकबगार होता आणि ते त्याला जरा जास्तच ठाऊक होते. त्याची रीत ठरलेली. ज्वारीत दाणा धरू लागला की एखाद्या शिवारात जायचे, पाखरे राखणाऱ्यांमधला एक हात हेरायचा आणि हंगाम संपेपर्यंत तोच लांबून पाहायचा. त्या माणसाशी मात्र अवाक्षर बोलायचे नाही. बोलले की पारख बाटली, समोरचा मग पाखरांसाठी नाही, आपल्यासाठी दगड मारतो, असे त्याचे म्हणणे. दगड कुठवर गेला त्याची रोज काठीवर एक खूण करायची, की झाले काम.

एका वर्षी बांधावरच्या बाभळीआडून त्याला मचाणावर एक सोळा वर्षांची पोरगी दिसली. पहिल्या दिवशी तिची नुसती तारांबळ चालली होती. एक दगड मागेच गेला. एक तर खाली ठेवलेल्या तिच्याच मडक्यावर बसला. राघू निवांत दाणे टिपत होते. पारखी मनातल्या मनात हसला आणि उठायला लागला.

तेवढ्यात एक दगड असा सुटला की पारखी उठता उठता तसाच वाकून राहिला. दगड शिवार ओलांडून, ओढा ओलांडून पलीकडच्या माळावर पडला. पारख्याने आ वासला. गडावरच्या मुरलेल्या गोफण मारणाऱ्यांपैकी एकाचाही दगड एवढा लांब जात नव्हता, आणि इथे एक परकरातली पोर तो भिरकावून पुन्हा दुसरा दगड उचलत होती! तो बाभळीआड पुन्हा खाली बसला आणि त्या हंगामापुरता तिथलाच झाला.

दिवस जात होते तसा तिचा हात सुधारत होता. आधी ती जागेवर उभी राहून गोफण फिरवायची. मग आपली आपणच डावा पाय पुढे टाकायला शिकली. पुढे कमरेतून वळायला लागली, दोरी कधी सोडायची ते तिला कळू लागले. दाणे टपोरले तोवर ती ओढ्यापलीकडच्या दगडावर ठेवलेले खापर फोडू लागली. दहातली सात फुटायची, मग आठ. पारखी रोज थक्क होई आणि रोज काठीवर खूण करी. असा हात शोधल्याबद्दल राजा आपल्याला कुठे बसवील, याचेही बेत तो करू लागला होता.

एके दिवशी पोरगी भाकरी खायला बसली आणि तिने डाव्या हाताने घास मोडला. दुसऱ्या दिवशी दगड मारून झाल्यावर तिने उजवे कोपर पोटाशी धरले. पारख्याने डोळे बारीक केले. कोपर सुजले होते. अशी सुजलेली कोपरे त्याने जन्मभरात पुष्कळ पाहिली होती आणि त्यांना महिनाभर विसावा लागतो, हेही त्याला पक्के माहीत होते.

पण बोलायचे कसे? पारख बाटेल ना! "पोर काटक आहे, होईल बरी," असे तो स्वतःशी म्हणाला. तिचा दगड त्या दिवशी आणखी चार हात पुढे गेला होता. त्याने खूण केली.

ज्वारी निघाली. शिवार मोकळे झाले, राघूही दुसरीकडे गेले. तरी पोरगी रोज यायची आणि दगड मारायची, आणि पारखीही बाभळीआड बसून पाहायचा. तिथे कणीस नव्हते, पाखरू नव्हते. मग ती कुणासाठी मारते, हा साधा प्रश्न या हुशार माणसाला पडला नाही!

पौर्णिमेला गडावर परीक्षा होती. आदल्या दिवशी पारखी बाभळीआडून बाहेर आला आणि पहिल्यांदा तिच्याशी बोलला. "उद्या गडावर ये. महाराजांपुढे गोफण मारायची."

"येते की," पोरगी म्हणाली. तू कोण, कुठला, असे तिने काहीच विचारले नाही. त्याचे त्याला जरा नवल वाटले, एवढेच.

गडावर माणसांची दाटी झाली होती. पोरगी आईला घेऊन आली. पारख्याने राजाला सांगितले, "महाराज, असा हात तुम्ही पाहिला नसेल."

पोरीने गोफण फिरवली. एक फेर, दोन फेर. तिसऱ्या फेराला कट्कन आवाज झाला आणि दगड तिच्या पायाशीच पडला. हात खांद्यापासून लोंबत राहिला.  राजाने गडावरच्या वैद्याला बोलावले.

वैद्याने कोपर चाचपले आणि मान हलवली. "आतून सगळे झिजले होते, आज तुटले. या हाताने ती भाकरी थापील. गोफण आता नाही."

राजाने विचारले, "पोरी, दुखत कधीपासून होतं?"

"दाणं भरलं तवापासनं."

"मग थांबली का नाहीस? आईला का नाही सांगितलंस?"

पोरीने पारख्याकडे पाहिले. "हे बाभळीमागं बसायचे. पहिल्या दिसापासनं दिसत व्हते मला. अंगरख्यावरनंच कळलं, गडाचं मानूस, रोज काठीवर खुना करणारं, हातातलं सगळं कळणारं. दुखतंय ते बी बघत व्हते. म्हटलं, काय इपरीत असतं तर बोलले नसते का? ते उठंनात, म्हनून म्या बी थांबले न्हाई."

पारख्याला आता कळले. आपण लपलो आहोत असे समजून तो दोन महिने बसला होता आणि त्याच्या गप्प बसण्यालाच ती पोर होकार समजत होती.

"तू सूज पाहिली होतीस?" राजाने विचारले.

"पाहिली होती, महाराज."

पोरीची आई लेकीचा हात मांडीवर घेऊन बसली होती.  तिने वर पारख्याकडे पाहिले. "आवं पावनं, दोन म्हयनं आमच्या बांधाला बसलात, आन् येकदा पानी मागाया बी दारात आला न्हाईत? आला असता तर चार गोष्टी बोलनं झालं असतं. माझ्या लेकीचा हात ऱ्हायला असता."

 राजाने त्याच दिवशी पारख्याला कामावरून दूर केले आणि पोरीला जन्मभराचे धान्य बांधून दिले. धान्य दर वर्षी वेळेवर येई. पण तो हात पुन्हा कधी खांद्याच्या वर गेला नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, दुसऱ्याची वाढ पाहणाऱ्याने त्याची वेदना पाहिल्यावर गप्प राहिले, तर त्या नुकसानीचा धनी तोच होतो.