जुनी पेशी कुठली?

"म्हणजे माझी लॅब तुम्ही निम्मी करून टाकलीत?"

पद्माकर हुलवळे दारातूनच करंबेळकरबाईंना म्हणाला. आत वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सुतार प्लायवूडची भिंत उभी करत होता. भिंतीच्या अलीकडचा भाग पद्माकरचा, पलीकडचा सुमय्या मुजावरचा. सुमय्या त्याच्यानंतर बऱ्याच वर्षांनी कॉलेजात लागलेली. दोघंही बाईंच्याच हाताखाली शिकलेले.

बाई महिनाअखेरीला निवृत्त होणार होत्या. एका रिकाम्या खोलीतून त्यांनी ही लॅब उभी केली होती. ती आपल्यालाच मिळणार, हे पद्माकर इतकं धरून चालला होता की त्यानं कधी विचारलंही नव्हतं.

"तुझी कधी झाली?" बाई म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नाही.

"तुमचा पाय मोडला तेव्हा तुमचे तास कोणी घेतले?"

"तू घेतलेस."

"मग तिला कशासाठी?"

"मी अजून या खुर्चीत बसलेय, पद्माकर. आणि तू वाटणी मागायला आलास."

आवाज चढला नव्हता, पण सुतारानं करवत थांबवली.

बाईंसमोर मुलांच्या प्रॅक्टिकलसाठी कांद्याची मुळं ॲसिडात ठेवून मग रंगात बुडवलेली होती. शेजारी सूक्ष्मदर्शक, त्यावर एक तयार स्लाईड. त्यांनी तिकडे बोट केलं.

"बघ."

"हे पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवा."

"तुला दाखवतेय."

त्यानं डोळा लावला आणि रागाच्या भरात स्क्रू फिरवला, नको इतका फिरवला. भिंग खाली टेकलं आणि स्लाईडची काच कचकन फुटली.

"दुसरी कर," बाई म्हणाल्या. "तुझ्या हातानं."

मुळाचं टोक कापून त्यानं काचपट्टीवर ठेवलं, त्यावर पातळ काच, त्यावर टिपकागद, आणि अंगठ्यानं दाबलं. किती जोर द्यायचा हे बाईंनीच शिकवलं होतं, आपला अंगठा त्याच्या अंगठ्यावर ठेवून. ते आठवलं तसा तो आणखीच पेटला. स्लाईड भिंगाखाली सरकवून त्यानं डोळा लावला.

"काय दिसतंय?"

"पेशी विभागतायत. ही पूर्वावस्था. ही मध्यावस्था, गुणसूत्रं मधोमध रांगेत. ही पश्चावस्था, दोन्हीकडे ओढली जातायत."

"पुढे."

"अंत्यावस्था. दोन टोकांना दोन केंद्रकं. मधे भिंत तयार होतेय."

"त्या दोन्हींतली जुनी पेशी कुठली?"

"डावी..." तो अडला. "नाही. दोन्ही नव्या."

"मग जुनी मेली?"

"स्लाईडवरच्या सगळ्याच मेलेल्या असतात, बाई. ॲसिडनं. तुम्हीच शिकवलंय."

"त्या आपण मारल्या. या दोघींच्या आधी जी एक होती, तिचं विचारतेय मी."

पद्माकरनं पुन्हा डोळा लावला. स्लाईड इकडे सरकवली, तिकडे सरकवली.

"मला कोडी घालू नका," शेवटी तो म्हणाला. "सरळ सांगतो. ती भिंत लागली की ही लॅब मेली. तुम्ही मारलीत."

बाई उठल्या. त्यांनी सुताराकडे पाहून हातानंच खूण केली, चालू दे. करवत पुन्हा चालू झाली.

मग त्या पद्माकरकडे वळल्या आणि सूक्ष्मदर्शकावर बोट ठेवलं.

"प्रेत दाखव."