सावकाश आलेली माहेरवाशीण

बूट काढा, पण पाय इतक्यात पाण्यात घालू नका. आधी घाम निवू द्या. डोंगर उतरून आल्या आल्या कुंडात पाय सोडला की चटका बसतो आणि मग मंडळी आमच्या गावाला, वाफेऱ्याला, नावं ठेवत परत जातात. बसा या कातळावर. सकाळपासून दोर लावून जे काळे कडे उतरलात, तो चुलीचा डोंगर. माथ्यावर मोठा खळगा बघितलात ना, ती चूल. आणि ही खालची तीन कुंडं, बारा महिने कढत पाण्याची. मघाशी इथून उठलेली बाई "येते" म्हणाली, तेव्हा सगळ्यांनी एका सुरात "सावकाश ये" म्हटलं. तुम्हाला वाटलं, दगड निसरडे आहेत म्हणून बजावतायत. सगळ्या पाहुण्यांना तसंच वाटतं. दगड निसरडे आहेतच, पण म्हणण्याचं कारण वेगळं आहे.

तुमच्याबरोबरचे सर म्हणाले, हा डोंगर म्हणजे थिजलेला लाव्हा. बरोबर आहे त्यांचं. गावात त्यालाच करपलेली पेज म्हणतात, एवढाच काय तो फरक. असं सांगतात, की फार फार पूर्वी त्या माथ्यावर आगजाई राहायची. आग म्हणजेच ती. सासरी काय बिनसलं कुणास ठाऊक, रुसून माहेरी आली आणि डोंगरावर चूल मांडून बसली. बसली ती बसलीच. चुलीखाली जाळ रात्रंदिवस आणि बाईचं लक्ष सगळं सासरच्या वाटेकडे. मग पेज उतू जायची, उतारावरून ओघळत खाली यायची आणि थिजून दगड व्हायची. तुम्ही सकाळभर दोराला लोंबकळत होतात ते त्या ओघळांवर.

गावाचे हाल मात्र कुत्रा खाईना. ठिणगी उडाली की गवताचं छप्पर पेटायचं. विहिरी आटल्या, भाताची रोपं वीतभर व्हायच्या आत पिवळी पडायला लागली. लोकांनी डोंगराखाली ढोल बडवले, शिव्या घातल्या, शेवटी पखाली भरून नेल्या आणि चुलीत पाणी ओतलं. आता रुसलेल्या बाईच्या चुलीत पाणी ओतल्यावर ती काय गप्प बसणार? त्या वर्षी निम्मं गाव जळालं. तेव्हा धाकोजी गावकराने, म्हणजे गावच्या मुख्य मानकऱ्याने, ठरवून टाकलं, की फाल्गुन सरला की गाव उठवायचं आणि खाडीपलीकडे जिथे जागा मिळेल तिथे पांगायचं. घरोघरी बोचकी बांधायला सुरुवात झाली.

बोचकं बांधलं नाही ते एकट्या आवडीने. आवडीचा नवरा गलबतावर, वर्षातून दोनदा घरी येणारा. एकुलती एक लेक मैना खाडीपलीकडे दिलेली आणि आता पोटुशी. पहिलं बाळंतपण, चैत्रात दिवस भरायचे, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं हा आपला रिवाज. गावच उठलं तर लेकीने यायचं कुठे? आवडीला ना घराची पर्वा होती ना शेताची, म्हणे. तिच्या जिवाला घोर एकच, की माझ्या मैनीला माहेर उरायला हवं.

माघ महिन्यात एका सकाळी तिच्या डोक्यात उजेड पडला. एवढी वर्षं ही बाई माहेराला आलेली आहे आणि गावातल्या एकाही बाईने तिची ओटी भरलेली नाही. माहेरवाशिणीला ओटी भरल्याशिवाय निघता येतं का? मग ती जाणार कशी? दोष तिचा नाही, गावाचाच आहे. आवडीने ताटात खण घेतला, नारळ घेतला, तांदूळ आणि हळकुंड घेतलं, काखोटीला फणी मारली आणि डोंगर चढायला लागली. धाकोजी खालून ओरडत राहिला. तिने मागे वळूनही बघितलं नाही.

वर गेली तेव्हा चुलीपाशी एक बाई गुडघ्यात मान घालून बसली होती, असं सांगतात. लुगडं शेंदरी, केस मोकळे, अंगाची नुसती काहिली. आवडी भ्यायली. चांगलीच भ्यायली. पण तोंडातून निघालं ते घरी आलेल्या कुठल्याही लेकीला विचारावं तेच, की जेवलीस का गो? बाईने मान वर केली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. एवढ्या वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मग आवडीने तिला पुढ्यात बसवून तिचे केस विंचरले. फणीचे दात करपून गेले, पण वेणी घातलीच. दोघी काय बोलल्या ते कुणाला माहीत नाही. सासर-माहेरचं बोलणं, ते काय संपतंय थोडंच? ऊन डोक्यावर आलं तेव्हा आगजाईने पदर पसरला आणि आवडीने ओटी भरली.

आता घोळ झाला तो इथे. आपल्यात घरातून निघताना "जाते" कुणी म्हणत नाही, अभद्र मानतात. देवी झाली तरी चांगल्या घरची बाई. कपाळाला कुंकू लावून ती उठली आणि रीतीप्रमाणे म्हणाली, "येते हं."

आणि आवडी सवयीने म्हणून गेली, "ये हो. सावकाश ये."

झालं. शब्द तोंडातून गेला तो गेला. चूल विझली, डोंगर थंड पडला, आणि खाली आल्यावर आवडीने जे घडलं ते सगळं खरं खरं सांगितलं. धाकोजीने कपाळावर हात मारून घेतला. एवढ्या मिनतवारीने गेलेली आग, आणि हिने तिला परत यायचं आवतण दिलं.

बरं, आगजाई गेली ती एकटी गेली नाही. गावातला झाडून सगळा विस्तव तिच्या पाठोपाठ निघून गेला. खाडीपलीकडून मडक्यात निखारे आणावेत, तर वेशीपाशी येईतो मडक्यात राख. गाव दोन महिने भिजवलेल्या पोह्यांवर आणि केळ्यांवर राहिलं, म्हणे. पोह्यांचा घास तोंडात घोळवत माणसं आवडीचा उद्धार करायची. निम्मे म्हणायचे, हिने आग घालवली. निम्मे म्हणायचे, हिने आग बोलावून ठेवली. बोचकी कुणी सोडेना, कारण आगजाई कधी उगवेल आणि कशी उगवेल याचा नेम नव्हता.

शेवटी धाकोजी चार माणसं घेऊन आवडीच्या अंगणात आला. पुन्हा डोंगरावर जा आणि हाक मारून सांग, की येऊ नको, असं त्याचं म्हणणं. आणि खाडीपलीकडे मैनेलाही निरोप धाड, की गावाचा भरवसा नाही, तिकडेच राहा. माणूस वाईट नव्हता धाकोजी. पोटुशी पोरगी आगीच्या तोंडी नको, एवढंच त्याच्या मनात होतं. आवडीलाही ते कळत होतं, आणि भीती तिला त्याच्याहून जास्त वाटत होती.

तरी ती म्हणाली, "दोघींनाही मी ये म्हटलंय. एकीला नको म्हणून सांगितलं, तर दुसरीला कुठल्या तोंडाने घरात घेऊ?"

धाकोजी आला तसा गेला, पण गावाने होड्या किनाऱ्याला तयार ठेवल्या.

चैत्रात मैना आली. आली ती कळा सोसतच, दिवस भरायच्या आठ दिवस आधी. दुपारी बाळंत झाली, मुलगी झाली. सुईणीने नाळ कापली आणि पाणी मागितलं. बाळंतिणीच्या अंगावर घालायला कढत पाणी, आणि गावात एक निखारा नाही. मैना थंडीने काकडायला लागली, ओठ निळे पडले. आवडीने होतं नव्हतं ते सगळं पांघरूण तिच्या अंगावर टाकलं, पण कापरं थांबेना. तेवढ्यात पायाखालची जमीन हलली. डोंगराच्या पोटात घरघर सुरू झाली आणि लोक पोरंबाळं उचलून होड्यांकडे पळत सुटले. मैनेला उचलता येणार नव्हतं. आवडी लेकीचा हात धरून तिथेच बसली.

पण वर जाळ दिसेना आणि पेजही उतू येईना. घरघर हळूहळू खाली खाली येत गेली आणि आवडीच्या घरामागच्या परड्यात, म्हणजे आता आपण बसलोय ना, नेमकं इथेच, कातळाला चीर पडून वाफ आली. वाफेमागून पाणी आलं. शब्द पाळला होता तिने. सावकाश ये म्हटलं होतं, तर डोंगरावरून उड्या मारत नाही आली, पोटातून हळू पावलांनी आली. आवडी घागर घेऊन धावली, पाण्यात बोट बुडवून बघितलं आणि म्हणाली, "आलीस? बरं झालं बाय. हिची अंघोळ राहिलीय."

त्या पाण्याने मैनेच्या अंगात ऊब आली, आणि त्या दिवसापासून गावात आणलेला विस्तवही टिकायला लागला. होड्यांत बसलेले लोक दिवे लागायच्या सुमाराला एकेक करून परतले, तेव्हा तांबूस गोरी झालेली पोर आजीच्या मांडीवर झोपली होती. धाकोजी सगळ्यात शेवटी आला. त्याने दारातूनच विचारलं, की पाणी सगळ्यांना पुरेल का. आता तीन कुंडं आहेत, तेव्हा उत्तर तुम्हीच द्या.

आजही वाफेऱ्यात बाळंतिणीसाठी चुलीवर पाणी तापवत नाहीत. घरोघरी गॅस आलाय, तरीही नाही. लेक बाळंत झाली की तिची आई घागर घेऊन इथे येते, आणि कुंडावर कितीही गर्दी असली तरी माणसं आपले पाय वर घेतात. आई घागर बुडवण्याआधी पाण्याला विचारते, जेवलीस का गो?