मोरी बुजवणारा पाटील

नद्यांवर अजून कोणी मालकी सांगत नव्हतं, इतक्या जुन्या काळी एका नदीच्या काठी दोन गावं होती. एक वरच्या अंगाला, एक खालच्या.

वरच्या गावाला काही कमी नव्हतं. जमीन चांगली, विहिरींना पाणी, कोणी उपाशी झोपत नव्हतं. पण खालच्या गावाकडे एक गोष्ट जास्त होती. नदी दर पुरात डोंगरातला गाळ आणून त्यांच्या वळणावर टाकायची. पूर ओसरला की त्या गाळात कलिंगडाच्या वाड्या उभ्या राहायच्या. घागरीएवढी कलिंगडं, आतून लालभडक. आणि त्या गावाची रीत अशी, की हंगामातलं पहिलं कलिंगड वरच्या गावच्या पाटलाला द्यायचं. "पाणी तुमच्याकडून येतं, पहिला मान तुमचा," असं म्हणायचे.

तुम्ही-आम्ही ते कापून खाल्लं असतं. पाटलाने ते पायरीवर ठेवलं आणि त्याच्याकडे बघत बसला.

"मुद्दाम मोठं पाठवतात," तो बायकोला म्हणाला. "हिणवायला."

"अहो, गोड असेल. खाऊन तर बघा."

"गोड आहे, हेच तर दुखणं आहे! पाणी आपल्या दारावरून जातं आणि गोडी त्यांच्या घरात!"

त्या दिवसापासून पाटलाला घास गोड लागेना. शेवटी त्याने ठरवलं, नदीच अडवायची. खालच्या गावाला विचारलं? छे. ज्यांचं जायचं असतं त्यांना विचारायची पद्धत तेव्हाही नव्हती.

भिंत बांधायला त्याने एका म्हाताऱ्या पाथरवटिणीला बोलावलं. तिने रचलेला दगड कधी हलत नसे. तिने भिंत वर अरुंद आणि तळाला चांगली रुंद धरली.

"खाली एवढे दगड कशाला घालतेस?" पाटलाने विचारलं.

"पाणी जितकं खोल, तितका त्याचा रेटा जास्त. वर ते हाताने ढकलतं, तळाशी खांदा लावतं."

मग तिने तळाशी दार असलेली एक मोरी ठेवली, आणि एका टोकाला भिंतीची उंची कमी करून सांडवा काढला. म्हणाली, "मोरीतून गाळ निघून जाईल आणि उन्हाळ्यात खाली थोडं पाणी सोडता येईल. पुराचं जास्तीचं पाणी सांडव्यावरून जाईल. धरणाला ही दोन तोंडं हवीतच."

"दोन्ही त्यांच्याकडेच उघडतात!"

"नदी तिकडेच जाते, पाटील. त्याला मी काय करू?"

ती गेली आणि पाटलाने मोरी दगडमातीने बुजवून टाकली. सांडव्यावर पुरुषभर उंच दगड रचून घेतले.

वरच्या गावापुढे मोठं तळं झालं. खाली नदीचं पात्र उघडं पडलं, विहिरी आटल्या. नवा गाळ पोहोचेना, वाड्या गेल्या. अंडी घालायला वर चढणारे मासे भिंतीवर डोकं आपटून मागे फिरले. त्या वर्षी कलिंगड आलं नाही आणि पाटलाला वर्षभर शांत झोप लागली.

"एवढं पाणी दारात," बायको म्हणाली, "आणि कालवणाला एक मासा नाही!"



गाळ मात्र येतच राहिला. वाहतं पाणी गाळ उचलून नेतं, थांबलेलं पाणी तो तळाशी टाकून देतं. तीन वर्षं पाऊस बेताचाच झाला, म्हणून तळं काठाला लागलं नाही, पण तेवढ्यात ते निम्मं उथळ झालं. पाथरवटीण मुद्दाम बघायला आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली.

"मोरी उघडा, पाटील. मोठा पूर आला तर पाणी मावायचं कुठे?"

"कुठेही मावू दे. त्यांना थेंब मिळणार नाही."

चौथ्या वर्षी सात दिवस पाऊस थांबला नाही. तळं काठोकाठ भरलं. मोरी गाळाखाली गाडलेली, सांडवा दगडांनी अडलेला. पुढे वाट नाही म्हटल्यावर पाणी मागे सरकलं. आधी शेतात शिरलं, मग खळ्यात, मग घरात. भिंत जागची हलली नाही. ती चांगली बांधली होती ना!

गाव टेकडीवर पळालं. पाथरवटीणही धावून आली. कमरेइतक्या पाण्यातून पाटील ओरडला, "फोड ती भिंत! आत्ताच्या आत्ता!"

"एकदम फोडली तर सगळा लोंढा खालच्या गावावर जाईल. माणसं वाहून जातील."

"जाऊ देत! माझं घर बुडतंय!"

टेकडीवरच्या साऱ्यांनी ते ऐकलं. त्याच्या बायकोनेही. ती खाली उतरली, तिने पदर खोचला आणि पाथरवटिणीला म्हणाली, "बाई, यांचं राहू द्या. काय करायचं ते मला सांगा."

"सांडव्यावरचे दगड काढायचे. एका वेळी एकच थर. तीन दिवस लागतील, आणि तोवर तुमचं गाव पाण्यात राहील."

"राहू दे."

सारं गाव कामाला लागलं. पाणी बेताबेताने खाली गेलं. खालच्या गावात गुडघाभर पाणी आलं, पण माणूस एकही गेला नाही. वरच्या गावाच्या मातीच्या भिंती मात्र तीन दिवस भिजून विरघळल्या. पाटलाचं घर तळ्याला अगदी लागून होतं. ते सर्वांत आधी बसलं.

पाटीलकी गावाने त्याच टेकडीवर काढून घेतली. मोरी उकरायला दोन्ही गावांना दोन उन्हाळे लागले, आणि त्या गाळाची पहिली पाटी गावाने त्याच्याच डोक्यावर दिली.

मुलांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, एवढं ध्यानात ठेवा: शेजाऱ्याला पाणी मिळू नये म्हणून घातलेली भिंत शेवटी घालणाऱ्याचंच घर बुडवते.